म्युनिक महापालिकेतील लिनक्स : कारकुनाच्या टेबलावरून पाहिलेले एक प्रकरण

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी आणि कोणालाही घेता-बदलता येणारी संगणक प्रणाली, सर्वसामान्य माणसाच्या संगणकावर चालण्याइतके तयार झाले आहे का, हा वाद गेली कित्येक वर्षे मिटलेला नाही, आणि त्याचे एक कारण असे की वाद घालणारे बहुतेक जण स्वतःच्या हौसेने लिनक्सकडे वळलेले असतात. हौसेने घेतलेल्या गोष्टीतले खाचखळगे माणूस आनंदाने सोसतो, रात्र जागून दुरुस्तही करतो. जी गोष्ट दुसऱ्याने टेबलावर आणून ठेवली आणि जिच्यावर दिवसभराचे काम अडून आहे, तिच्यातला एकही खळगा त्याला खपत नाही, आणि तो खपावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. त्यामुळे लिनक्सचा खरा कस पाहायचा असेल तर तो अशा ठिकाणी पाहावा, जिथे वापरणाऱ्याने ते मागितलेलेच नव्हते.

जर्मनीतील म्युनिक शहराच्या महापालिकेने असा कस एकदा पुरेपूर लावून पाहिला आहे. तिथे २००३ साली लिनक्सचा निर्णय झाला, २०१३ च्या अखेरीस सुमारे १५,००० संगणकांवर ते चालू झाले आणि २०१७ साली नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. लिनक्सचे समर्थक यातली पहिली दहा वर्षे सांगतात, विरोधक शेवटचा ठराव सांगतात. हे प्रकरण मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसंध पाहावे असे म्हणतो, कारण त्यातून निघणारे उत्तर या दोन्ही बाजूंना सोयीचे नाही.

निर्णय कसा झाला

या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या महापालिकेत सुमारे १४,००० संगणक होते आणि त्यांवर विंडोज एनटी ४ चालत असे. मायक्रोसॉफ्टकडून त्या आवृत्तीला मिळणारा आधार संपत आला होता, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबणार होत्या. पुढच्या आवृत्तीवर जायचे तर परवाने नवे घ्यावे लागणार होते आणि त्याबरोबर बरीच यंत्रेही बदलावी लागणार होती. चालू स्थितीतली प्रणाली केव्हा मोडीत काढायची हे विकणाऱ्याने ठरवायचे आणि त्याचे पैसे करदात्याने भरायचे, ही व्यवस्था तिथल्या अनेक नगरसेवकांना खटकली. त्यांनी एका सल्लागार कंपनीकडून दोन्ही पर्यायांचा तौलनिक अभ्यास करून घेतला. त्या अभ्यासात लिनक्स स्वस्त ठरले नव्हते, हे इथे मुद्दाम नोंदवतो. ते वरचढ ठरले ते दीर्घकालीन स्वातंत्र्याच्या, एका विक्रेत्यावर विसंबून न राहण्याच्या निकषावर.

मायक्रोसॉफ्टने हे प्रकरण किती गांभीर्याने घेतले होते ते एका प्रसंगावरून कळते. मार्च २००३ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधली आपली स्कीइंगची सुट्टी मध्येच थांबवून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला म्युनिकला आले. त्यानंतर कंपनीने आपली किंमतही उतरवली. तरीसुद्धा २८ मे २००३ रोजी नगरपरिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला आणि जून २००४ मध्ये तो पक्का केला. आपल्याकडे लिनक्सची चर्चा सुरू झाली की पहिला शब्द ‘फुकट’ हाच येतो. म्युनिकने महाग प्रस्ताव जाणूनबुजून निवडला होता, आणि मला वाटते की त्या निर्णयातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट हीच होती.

मध्यंतरी २००४ च्या उन्हाळ्यात सॉफ्टवेअरवरील पेटंटांच्या भीतीने निविदा काही काळ थांबली आणि पुन्हा चालू झाली. आधी डेबियनवर आणि पुढे उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या दोन तयार रूपांवर, बेतलेल्या या खास महापालिकेसाठीच्या प्रणालीला ‘लिमुक्स’ असे नाव मिळाले आणि २००६ च्या उत्तरार्धात पहिल्या टेबलांवर ती बसली. निर्णयापासून पहिल्या टेबलापर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ गेला. या विलंबावर तेव्हा बरीच टीका झाली. पण या तीन वर्षांत महापालिकेला स्वतःच्या घराची जी झडती घ्यावी लागली, तिच्यातच या प्रकरणाचे मर्म आहे.

झडतीत काय सापडले

म्युनिकच्या महापालिकेत संगणकाचे काम पाहणारा सगळ्यांचा मिळून एकच विभाग नव्हता. वीसहून अधिक खात्यांची आपापली स्वतंत्र संगणक पथके होती, आणि प्रत्येकाची यंत्रे मांडण्याची, फाइली ठेवण्याची, बिघाड नोंदवण्याची रीत निराळी होती. विंडोज एकच दिसत असले तरी प्रत्यक्षात ती अनेक वेगवेगळी विंडोज होती. त्यापेक्षाही मोठा पसारा होता तो वर्डमधल्या साच्यांचा आणि मॅक्रोंचा, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या सूचनासंचांचा. त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास निघाली. त्यातले अनेक साचे कोण्या एका हुशार कर्मचाऱ्याने केव्हातरी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेले होते. तो कर्मचारी दुसऱ्या खात्यात गेला किंवा निवृत्त झाला तरी साचा चालूच राहिला, आणि तो आतून कसा चालतो हे सांगणारे कोणी उरले नाही.

हा साचा म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय ‘लिनक्स तयार आहे का’ या प्रश्नाचे वजन कळत नाही. महापालिकेतला एक कारकून नागरिकाला पत्र लिहितो. वर शहराचे छोट्या साधूचे चिन्ह, खात्याचे नाव, शाखेचे नाव, खोली क्रमांक, दूरध्वनी, स्वतःचे नाव, संदर्भ क्रमांक हे सारे ठरलेल्या जागी यावे लागते. कर्मचारी बदलला की यातल्या निम्म्या गोष्टी बदलतात. पत्राच्या मजकुराखाली जर्मन प्रशासनाच्या रीतीप्रमाणे रोमन आकड्यांत पुढच्या कारवाया लिहिलेल्या असतात: मूळ पत्र कोणाला, त्याची प्रत कोणत्या खात्याला, आणि शेवटी कोणत्या फाइलीत ते जायचे. छापताना नागरिकाच्या प्रतीवर त्या अंतर्गत कारवाया दिसता कामा नयेत, खात्याच्या प्रतीवर मात्र आपल्यापुरता भाग दिसला पाहिजे. आपल्या सरकारी पत्रांच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ अशी यादी असते आणि तिच्या शेवटी ‘निवड नस्ती’ लिहिलेले असते, त्याचेच हे जर्मन भावंड म्हणायला हरकत नाही. हे सारे वर्डच्या मॅक्रोंतून होत असे. वर्डच्या जागी आणलेल्या ओपनऑफिस या मुक्त ऑफिस कार्यक्रमात ते मॅक्रो चालेनात.

म्हणजे कारकुनापुढचा पडदा दिसायला थोडा वेगळा होता, चित्रे आणि यादी इकडची तिकडे झाली होती, ही त्याची अडचण नव्हती. तेवढे माणूस आठवड्याभरात शिकतो. पत्र निघत नाही, ही त्याची अडचण होती. आणि पत्र निघत नसेल तर प्रणाली कितीही भक्कम, कितीही सुरक्षित असली तरी त्याच्या दृष्टीने संगणक बंद पडलेला असतो.

यावर म्युनिकने जे केले ते मला या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम वाटते. त्यांनी ‘वोलमुक्स’ नावाचा एक कार्यक्रम स्वतः लिहिला. पत्रशीर्ष, कर्मचाऱ्याची माहिती, मजकुराचे ठरावीक तुकडे आणि रोमन आकड्यांतल्या त्या कारवाया हे सारे तो एका ठिकाणाहून सांभाळत असे. साचे एका जागी आल्यावर असे दिसले की त्यातले पुष्कळसे एकमेकांच्या नकला होत्या, आणि ते कमी करता आले. या कार्यक्रमाचे नाव एका जर्मन वाक्प्रचारावरून आले आहे: अंडी घालणारी, लोकर देणारी, दूधही देणारी डुकरीण, म्हणजे आपण ज्या अर्थाने कामधेनू म्हणतो तशीच काहीशी. २००८ साली महापालिकेने तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. एका शहराच्या करातून लिहिलेले साधन दुसऱ्या शहराला तसेच उचलता यावे, ही कल्पना मला आजही मनापासून आवडते.

काम पुरे झाल्यानंतर

२०१३ च्या अखेरीस विंडोजवरून लिनक्सवर स्थलांतर पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. एका अर्थी इथेच ‘लिनक्स चालते का’ या प्रश्नाचे उत्तर मिळून गेले होते, कारण हजारो कर्मचारी दररोज त्यावर रहिवासी नोंदी करत होते, परवाने देत होते, पत्रे पाठवत होते. पैशाचा हिशेब मात्र अखेरपर्यंत वादात राहिला. २०१२ साली महापालिकेने विंडोजच्या तुलनेत एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे सांगितले. पुढे मायक्रोसॉफ्टने एचपी या संगणक कंपनीकडून करवून घेतलेल्या एका अभ्यासात याच्या नेमके उलट चित्र आले, आणि महापालिकेने तो अभ्यास अमान्य केला. दोन्ही हिशेबांत काय धरायचे आणि काय सोडायचे हेच निराळे होते, म्हणून मी त्यांपैकी कोणत्याही आकड्यावर या प्रकरणाचा निवाडा टेकवणार नाही.

तक्रारी खऱ्या होत्या, आणि त्या लिनक्सच्या प्रेमापोटी झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. पहिली तक्रार बाहेरच्या जगाशी होणाऱ्या देवाणघेवाणीची. महापालिकेत संपादन करायची कागदपत्रे ओडीएफ या खुल्या स्वरूपात आणि न बदलायची पीडीएफमध्ये, असा नियम होता. पण राज्य शासन, शेजारची नगरे, वास्तुविशारद, वकील हे सारे वर्डच्या फाइली पाठवत. अशी फाइल लिमुक्सवर उघडली की तक्त्यातला एखादा रकाना सरके, पानाचा शेवट पुढच्या पानावर जाई, शेऱ्यांची मांडणी बिघडे. कर्मचारी ते नीट करून परत पाठवी, आणि पलीकडे ती फाइल पुन्हा वर्डमध्ये उघडल्यावर दुसरेच काही सरकलेले असे. यात दोष कोणाचा हा विचार करायला कर्मचाऱ्याला वेळ नसतो. ज्याच्या टेबलावर फाइल बिघडलेली दिसते, त्याचाच संगणक खराब ठरतो.

दुसरी तक्रार टपाल आणि दिनदर्शिकेची. ई-मेल एकीकडे, बैठकांच्या वेळा दुसरीकडे, आणि हातातल्या फोनवर दोन्हींपैकी काहीच धड नाही, अशी स्थिती बराच काळ होती. यावर तोडगा म्हणून महापालिकेने कोलाब हे मुक्त साधन निवडले, पण ते यायला २०१४ नंतरचा काळ उजाडला. तिसरी गोष्ट विशेष कामांच्या सॉफ्टवेअरची. एखाद्या खात्याला लागणारा कार्यक्रम फक्त विंडोजसाठीच बनलेला असे आणि त्याला पर्याय नसे. अशी टेबले शेवटपर्यंत विंडोजवरच राहिली, किंवा तिथे आडमार्गाने विंडोज चालवावी लागली. चौथी गोष्ट अशी, की खात्याखात्यांतून लिमुक्सच्या आणि ऑफिस कार्यक्रमाच्या निरनिराळ्या, काही ठिकाणी बऱ्याच जुन्या आवृत्त्या चालू राहिल्या होत्या. जी चूक पुढच्या आवृत्तीत केव्हाच दुरुस्त झाली होती, ती एखाद्या खात्यातला माणूस रोज सोसत होता आणि तिला लिनक्स म्हणत होता.

या चारही गोष्टी नीट पाहिल्या तर त्यांत लिनक्सचा गाभा, म्हणजे मूळ प्रणाली, कुठेच येत नाही, असे मला वाटते. फाइलींचे स्वरूप, टपालाची व्यवस्था, बाजारातले सॉफ्टवेअर आणि अद्ययावत करण्याची शिस्त या त्या चार गोष्टी. पण म्हणून ‘दोष लिनक्सचा नव्हता’ एवढे म्हणून समर्थकांना सुटता येणार नाही. वापरणारा माणूस गाभा वापरत नाही. तो या चार गोष्टीच वापरतो.

माघार

मे २०१४ मध्ये उडे यांच्या जागी डीटर रायटर महापौर झाले. ते आणि उपमहापौर योझेफ श्मिड या दोघांनीही लिमुक्सबद्दलची नाराजी उघडपणे बोलून दाखवली. याच सुमारास मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतील मुख्यालय जवळच्या उंटरश्लाइसहाइमहून म्युनिक शहरात आणायचे ठरवले होते, आणि २०१६ साली ते तिथे आलेही. या दोन गोष्टींचा संबंध अनेकांनी जोडला. कार्यालय येणार म्हणून प्रणाली बदलली, असे सिद्ध करणारा पुरावा माझ्यासमोर नाही, म्हणून मी तसे म्हणणार नाही. एवढे मात्र खरे की ज्या निर्णयामागे एका महापौराचे राजकीय बळ उभे होते, त्या निर्णयाला दुसऱ्या महापौराच्या काळात ते बळ राहिले नाही.

२०१६ साली अ‍ॅक्सेंचर कंपनीच्या सहभागाने महापालिकेच्या संगणक व्यवस्थेची तपासणी झाली. अ‍ॅक्सेंचरने मायक्रोसॉफ्टबरोबर २००० साली अवनाद ही संयुक्त कंपनी काढलेली होती, हे टीकाकारांनी तेव्हाच निदर्शनास आणले. तरीही तो अहवाल सरसकट बाजूला सारण्याजोगा नाही, कारण त्याने सर्वांत मोठी अडचण संघटनेच्या रचनेत दाखवली होती: जबाबदाऱ्या विखुरलेल्या, निर्णय लांबलेले, आवृत्त्या जुन्या. म्हणजे स्थलांतरापूर्वीच्या झडतीत जे आढळले होते, तेच दहा-बारा वर्षांनंतर पुन्हा आढळले. विंडोजचा पर्याय सर्व खात्यांना खुला असावा अशी शिफारस त्यात होती. महापालिकेत नंतर उभ्या राहिलेल्या मध्यवर्ती संगणक सेवेचे प्रमुख कार्ल-हाइन्त्स श्नायडर यांनी मात्र विंडोजकडे जाण्यास भाग पाडणारे तातडीचे तांत्रिक कारण दिसत नसल्याचे सांगितले होते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये परिषदेने एकसमान विंडोज संगणकाची आखणी करण्याचा ठराव केला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यासाठी सुमारे ५ कोटी युरो मंजूर झाले. २०२० साली सत्तेवर आलेल्या हरित पक्ष आणि समाजवादी लोकशाही पक्षाच्या आघाडीने आपल्या करारात, शक्य तिथे खुली मानके आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरायचे, असे पुन्हा लिहून घेतले. तोवर कारकुनांच्या टेबलांवरून मात्र लिमुक्स उतरू लागले होते.

क्रम चुकला का

म्युनिकच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले, पण कामाच्या क्रमाबद्दल त्या मानाने फार कमी बोलले गेले. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने जवळपास त्याच वर्षांत हेच काम केले. त्यांनी २००५ साली विंडोज तशीच ठेवून तिच्यावर फक्त ओपनऑफिस आणले. २००६ साली ब्राउझर आणि ई-मेल बदलून फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आणले. कागदपत्रे, टपाल आणि ब्राउझर या तिन्ही गोष्टी हातात बसल्यानंतर २००८ पासून त्यांनी खालची प्रणाली बदलून उबुंटू आणायला सुरुवात केली. तोवर हवालदाराच्या रोजच्या कामातले सगळे कार्यक्रम आधीपासूनच ओळखीचे झाले होते, म्हणून खालची प्रणाली बदलल्याने त्याच्या कामात फारसा फरक पडला नाही. ही व्यवस्था हजारो यंत्रांवर आजही चालू आहे. अर्थात पोलीस दलात वरून आलेला आदेश खालपर्यंत जातो आणि महापालिकेत वीस खाती वीस दिशांना ओढतात, हा फरकही लक्षात घ्यायला हवा.

जर्मनीतीलच श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० टेबलांसाठी जो निर्णय जाहीर केला, त्यात हाच क्रम दिसतो: आधी लिब्रेऑफिस हा मुक्त ऑफिस कार्यक्रम, मग टपाल आणि दिनदर्शिका, आणि लिनक्स त्यानंतर. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स इतके सहज रुजले, त्यालाही क्रमाचेच कारण आहे. तिथल्या बऱ्याच मुलांनी पहिला संगणक पाहिला तोच लिनक्सचा, त्यामुळे त्यांना मोडायची जुनी सवयच नव्हती.

आपल्या टेबलांकडे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे उत्तम चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेने जुनी ठरली. २००१ साली म्युनिकपुढे जो प्रश्न होता तोच आज महाराष्ट्रातल्या छोट्या कार्यालयांपुढे, वाचनालयांपुढे आणि घरांपुढे आहे. साधे वाचन, ई-मेल, बँकेचे संकेतस्थळ, चित्रपट आणि मराठीत चार पाने लिहिणे एवढेच काम असणाऱ्याला लिनक्स आज खुशाल द्यावे, असे माझे मत आहे. युनिकोड, म्हणजे सर्व यंत्रांवर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीतली मराठी त्यावर उत्तम दिसते आणि इन्स्क्रिप्ट कळफलक सहज सुरू होतो. जिथे हिशेबाचे ठरावीक सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचे साधन किंवा मॅक्रो असलेली एक्सेलची सरकारी फाइल लागते, तिथे आधी नीट तपासून पाहावे आणि अडत असेल तर त्या एका यंत्रावर विंडोज राहू द्यावी.

आपला ‘वीस हजार साच्यांचा’ प्रश्न मात्र वेगळाच आहे. कोणत्याही जुन्या संस्थेच्या संगणकात श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटांत टंकलेली इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या, करारनामे, स्मरणिकांचे मजकूर पडलेले असतात. या फाँटांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की ठरावाच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची निरर्थक रांग दिसते. फाँट लिनक्सवर चढवला तर मजकूर बहुधा वाचता येतो, पण त्या फाँटांत टंकण्याची साधने मुख्यतः विंडोजसाठीच बनलेली असल्याने दुरुस्ती करणे अडते. असे झाले की संस्थेचे सचिव लगेच म्हणतात, लिनक्सवर मराठी चालत नाही. प्रत्यक्षात तीच फाइल तो फाँट नसलेल्या कोऱ्या विंडोज ११ वरही तशीच निरर्थक दिसते, आणि शोधात आपल्याच संस्थेचे नाव टाकले तर ती सापडत नाही. हे मजकूर आज चालू असलेल्या विंडोजवर, फाँट आणि टंकणारी व्यक्ती दोन्ही हाताशी असतानाच युनिकोडमध्ये आणून घ्यावेत आणि एकेक पान मुळाशी ताडून पाहावे. जोडाक्षरे, रफार आणि आकडे रूपांतरात हमखास चुकतात, म्हणून हे काम वेळ काढून करावे लागते. प्रणाली कोणती घ्यायची हे ठरवण्याचा दिवस त्यानंतर येतो.